इथेच जाऊन येते

पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील काढले आहेत):

लग्न होऊन आले ती थेट जुन्या नाशकात, तांबट आळीजवळच्या वाड्यात. तेरा वर्षं तिथे काढली. वाडा मोडकळीला आला, भाऊबंदांत वाटण्या झाल्या. आमच्या हिश्शात कर्जाची भर घालून दीड वर्षापूर्वी पाथर्डी फाट्याच्या पुढे सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. लिफ्ट आहे, पाणी आहे, गॅलरीतून पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो. नवरा अंबडला कंपनीत आहे, त्याचा रोजचा तासभर वाचतो. मुलगी दहा वर्षांची, खाली सायकल चालवते. सासूबाई काही बोलत नाहीत. मी घरूनच दोन दुकानांचे हिशेब लिहिते. संध्याकाळचे पाच वाजले की मला रडू येतं. आठनंतर रस्त्यावर फक्त कुत्री. शेजाऱ्यांची दारं बंद. आपल्यातलं कोणी नाही. हा फ्लॅट भाड्याने देऊन आपण गावात नाहीतर कॉलेज रोडला भाड्याने राहू, असं म्हटलं तर नवरा म्हणाला, ‘लोक अशा घरासाठी जन्मभर खपतात आणि तुला कंटाळा येतो?’ शहराबाहेरचं जगणं मुळातच कंटाळवाणं असतं, की खोट माझ्यातच आहे?

उत्तर:

नमस्कार,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा तुमच्या नवऱ्याचा राग आला. दुसऱ्यांदा त्याचंही थोडं पटलं. तिसऱ्यांदा ‘सासूबाई काही बोलत नाहीत’ या वाक्यापाशी अडकले. त्या वाक्याकडे शेवटी येते.

आधी खोटीचं बघू. तुमच्यात खोट असेल तर ती माझ्या आईतही होती. १९८४ साली आम्ही रविवार कारंजावरून सिडकोत राहायला गेलो, मी नऊ वर्षांची होते. वडिलांना घर मिळालं म्हणून पेढे वाटले आणि आई महिनाभर भांडी घासताना एकच वाक्य म्हणत होती, ‘वनवासात आणून टाकलं.’ आजी तिला चिडवायची, ‘वनवास गंगेपलीकडे असतो गं, पंचवटीत. आपण तर उलट्या दिशेला आलो.’ (नाशकात गोदावरीलाच गंगा म्हणतात.) आज त्या घरासमोर स्कूटर लावायला जागा मिळत नाही. मागच्या वर्षी भावाने गंगापूर रोडला, पार पुढे, मोठा फ्लॅट बघितला, तर आई म्हणाली, ‘त्या जंगलात मी यायची नाही.’

आजीचा विनोद सोडून द्यायला नको. रामाने जिथे वनवास काढला म्हणतात, ती पंचवटी आज भरवस्ती आहे. तुमच्या गॅलरीतून दिसणारा डोंगर तर याहून जुनी गंमत सांगतो. पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात नहपान या क्षत्रप राजाच्या जावयाचा, उषवदाताचा लेख आहे. भिक्षूंच्या खर्चासाठी त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, ठेवी ठेवल्या, त्याचा हा हिशेब: २००० कार्षापण (तेव्हाची नाणी) महिना एक टक्का व्याजाने आणि १००० पाऊण टक्क्याने. (दर महिन्याला हप्ता भरणाऱ्या नाशिककरांनी तो अवश्य पाहावा.) म्हणजे त्या काळी कारागीर, पैसा, व्यवहार सगळं गोवर्धनला. आज गोवर्धन हे गंगापूर रोडने बाहेर पडल्यावर लागणारं एक गाव. गावाचा मध्य कुठे असावा, हे नाशकात कधीच कायमचं ठरलेलं नाही. १९८२ साली महापालिका झाली तेव्हा नाशिक रोड-देवळाली आणि सातपूर या वेगळ्या नगरपालिका आणि आजूबाजूची कितीतरी खेडी एकत्र करूनच हे शहर झालं. आणि ‘उपनगर’ म्हणालात तर आपल्याकडचा रिक्षावाला सरळ नाशिक रोडच्या दिशेने हँडल वळवेल, कारण ते तिथल्या एका वस्तीचं नावच आहे.

पण यातून तुमची संध्याकाळ काही सरत नाही, हे मलाही कळतं. दोन हजार वर्षांचा इतिहास सांगून पाच वाजताचं रडू थांबत असतं तर काय हवं होतं.

तुम्ही ‘कंटाळा’ लिहिलंय, तर त्याच्याकडेच जरा जवळून बघू. वाड्यात असताना कंटाळा आला की तुम्ही काय करत होतात? मला वाटतं, जिना उतरत होतात. दोरा संपला, कोथिंबीर हवी, बोहोरपट्टीत बरणीचं झाकण मिळतं का बघू, काहीही. वाटेत तांबटांच्या हातोड्यांची ठकठक. कोणीतरी ओट्यावरून विचारायचं, ‘काय, कुठे निघालीस?’ आणि तुम्ही म्हणायचात, ‘इथेच जाऊन येते.’

तुमचं हरवलंय ते हे ‘इथेच’. नाटक-सिनेमा, मॉल, हॉटेलं यांचा तुमच्या पत्रात एका शब्दानेही उल्लेख नाही, म्हणून म्हणते. तेरा वर्षांत कालिदास कलामंदिरात किती नाटकं पाहिलीत, मोजून बघा. माझे काही मित्र शालिमारजवळ राहूनही वर्षानुवर्षं तिथे गेलेले नाहीत. शहरातल्या माणसाला शहर लागतं ते येता-जाता. आणि फाट्यापुढच्या तुमच्या घरातून बाहेर पडायचं तर लिफ्ट, गेट, वॉचमनची वही, मग हायवे. आधी कारण लागतं, मग गाडी लागते, मग नवऱ्याची सवड लागते. कोथिंबिरीचासुद्धा ‘प्रोग्रॅम’ होतो. एवढं करून बाहेर पडावं इतकी ती कोथिंबीर मोठी नसते, म्हणून तुम्ही मोबाइलवर मागवता. पोरगा पिशवी दाराला लावून निघून जातो. झालं, तुमचं शेवटचं ‘इथेच’ही दारातच संपलं.

माझ्या आईचा वनवास संपायला सहा-सात वर्षं लागली, असं ती सांगते. बाजार आला, दुकानं आली, हे खरं. पण ती स्वतः विचाराल तर गिरणीचं नाव घेते. दळणाचा डबा घेऊन जायचं, नंबर लावायचा आणि तिथेच बाकड्यावर बसायचं, कारण डबा ठेवून आलं की ज्वारीत गव्हाचं पीठ मिसळतं अशी तिची पक्की खात्री. त्या बाकड्यावर तिला जळगावच्या दोघी भेटल्या. त्यांनी कळण्याच्या भाकरीचं पीठ कसं धरायचं ते शिकवलं, हिने मेतकुटाचं प्रमाण दिलं. त्यातल्या एकीच्या नातीच्या बारशाला आई परवा जाऊन आली. पिठाची धूळ, पट्ट्याची घरघर, उन्हाळ्यात जीव नको व्हायचा. कोणी त्याला मनोरंजन म्हणणार नाही.

आता थोडं कडू. ‘आपल्यातलं कोणी नाही’ हे वाक्य मला खटकलं. आपल्यातलं म्हणजे कोण, ताई? गावातलं? नात्यातलं? की याहून काही आत दडलंय? ते तुमचं तुम्ही तपासा, मला कळवायची गरज नाही. मला एवढं माहीत आहे की अंबड, सिडको, पाथर्डी या पट्ट्यात कारखान्यांमुळे खानदेशातून, मराठवाड्यातून, उत्तरेतून माणसं येऊन राहिली आहेत आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणींची संध्याकाळ तुमच्यासारखीच जाते. फरक इतकाच की त्यांचं गाव आठ किलोमीटरवर नाही, दोनशे किंवा हजारावर आहे. तुमच्या बंद दारासमोरून जाताना त्या घरी काय सांगत असतील? ‘इथली नाशिकची बाई दार उघडत नाही.’

आणि ‘फाटा’ म्हणजे फुटणारी वाट. ती पुढे पाथर्डी गावात जाते. तिथे जुनी घरं आहेत, पार आहे, पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना ओळखणारी माणसं आहेत. दीड वर्षात किती वेळा गेलात?

पत्रात तुम्ही काय लिहिलं नाही, तेही पाहिलं. मोडक्या जिन्याबद्दल एक ओळ नाही. पाणी कधी यायचं, त्यासाठी कोण उठायचं, याबद्दल नाही. ऑगस्ट २०१९ चा पूर तुम्ही गावातच पाहिला असेल. गोदापात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला आणि सराफ बाजारात पाणी शिरलं की अख्ख्या गावाचा जीव कसा टांगणीला लागतो, ते तुम्हाला मी सांगायला नको. वाड्यातल्या सामायिक न्हाणीवरून झालेली भांडणं, ‘कुठे निघालीस’ या प्रश्नामागची चौकशी, उशिरा आलात तर दुसऱ्या दिवशी होणारी कुजबुज. कंटाळा तिथेही होता. दुपारी दोन ते चार जुन्या नाशकात झोपेखेरीज दुसरं काय चालतं? फक्त तिथे कंटाळ्याला सोबत होती.

तुमच्या नवऱ्याला दुसरं काही दिसतंय, तेही खोटं नाही. त्याचा तासभर वाचतो. मुलगी सायकल चालवते, आणि जुन्या गल्लीत सायकल शिकणं म्हणजे काय ते आपण दोघी जाणतो. तो चुकला ते उत्तरात. ‘मला इथे एकटं वाटतं’ या वाक्याला ‘लोक जन्मभर खपतात’ हे उत्तर होत नाही. पण तुम्हीही त्याला ‘एकटं वाटतं’ म्हणाला नाहीत, ‘घर बदलू’ म्हणालात. कर्ज फेडणाऱ्या माणसाला त्या दोन शब्दांत आधी आकडा ऐकू येतो.

करायचं काय? पाच ही वेळ धरा. तुमचे हिशेब पाचला संपत असणार. नोकरीवर जाणाऱ्याला संध्याकाळी घरी यायला मिळतं, तुम्हाला घरातून घरातच यावं लागतं. वाड्यात त्याच वेळेला दुकानांचे दिवे लागायचे, देवळात घंटा वाजायची, दिवस कुणीतरी तुमच्यासाठी बंद करून द्यायचं. इथे तो तुम्हालाच बंद करावा लागेल. पाच वाजता चप्पल घाला. रोज. सुरुवातीला कारण लागेल, तर कोथिंबीर आहेच. मोबाइलवर महिन्याचं वाणसामान मागवा हवं तर, पण भाजी, दूध आणि दळण या तीन गोष्टी हातानेच आणायच्या. भाजी एकीकडूनच घ्यायची, दोन रुपये जास्त पडले तरी. वीसेक दिवसांनी ती ‘काल आल्या नाहीत?’ म्हणेल. ती म्हणाली की मला कळवा.

दुसरं, गाडी. तुम्ही गाडी चालवत नाही असा माझा अंदाज आहे, कारण पत्रात प्रत्येक जाण्यायेण्याला नवरा जोडलेला आहे. फाट्यावर राहायचं आणि चाक दुसऱ्याच्या हातात, हा खरा तुरुंग. घर बदलायचा खर्च काढण्याआधी एक जुनी मोपेड घ्या. हायवेची धास्ती असेल तर सर्व्हिस रोडने पाथर्डी गावापासून सुरुवात करा. मुंबई नाक्याचा गोंधळ नंतर. तिथे तर चाळीस वर्षं गाडी चालवणारेसुद्धा देवाचं नाव घेतात.

तिसरं, गाव सोडू नका, पण पाहुण्यासारख्याही जाऊ नका. सणाला नटूनथटून मेनरोडला जायचं, गर्दीत वैतागायचं आणि ‘आता पूर्वीचं राहिलं नाही’ म्हणत परत यायचं, असं फाट्यावरची निम्मी माणसं करतात. त्याऐवजी गावात एखादं रेंगाळणारं काम ठेवा. सार्वजनिक वाचनालयाचं, आपल्या ‘सावाना’चं सभासद व्हा. १८४० पासूनची संस्था आहे, पुस्तक परत करायला जावंच लागतं, हा तिचा मोठा गुण. ब्लाउज गावातल्याच शिंप्याकडे टाका, तो एका खेपेत कधीच देत नाही. पितळेची भांडी कल्हईला तांबट आळीतच न्या. मे महिन्यात गोदाकाठी यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमाला असते, त्यातलं एखादं भाषण ऐका, कंटाळवाणं निघालं तर उठून वडा खा. आणि रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदात, उडी मारायला मुलीला घेऊन जा. तिवंध्याच्या नाहीतर शनी चौकातल्या रहाडीत एकदा बुडून निघाली, की ती फाट्यावर वाढली तरी गावची राहील.

आडगाव, म्हसरूळ, मखमलाबादकडून अशीच पत्रं येतात म्हणून त्यांच्यासाठीही दोन शब्द. निवृत्त मंडळींनो, शहराबाहेर शांत जागी घर घेण्याआधी रात्री साडेनऊला तिथून रिक्षा मिळते का, ते उभं राहून बघा. घरून काम करणाऱ्या पोरांनो, तुमचा प्रश्न उपनगराचा नाही, पायजम्याचा आहे.

आता भाड्याने जाण्याचा विचार. त्यात कृतघ्नपणा काही नाही. कुणाला शांतता मानवते, कुणाला कलकलाट, ही चव आहे. पण कॉलेज रोडचं नाव तुम्ही का घेतलंत, ते मला उमगलं नाही. तिथे कॅफे आहेत, शोरूम आहेत, गाडी लावायची मारामारी आहे. सातव्या मजल्यावरची बंद दारं तिथेही तशीच. तुम्हाला ‘इथेच’ हवं असेल तर ते अशोक स्तंभ, घारपुरे घाट, रविवार कारंजा या बाजूला, जुने वाडे पाडून उभ्या राहिलेल्या लिफ्टच्या इमारतींत शोधा. आणि करार करण्याआधी पंधरा दिवस गावात कुणा नातलगाकडे राहून पाहा. गणपतीत नको, गणपतीत कुणालाही गाव आवडतं. जुलैत राहा, चिखलात, शाळेच्या दिवसांत, तिथूनच नवऱ्याला अंबडला पाठवून. सोळाव्या दिवशीही राहावंसं वाटलं तर तुमचा आकडा घेऊन त्याच्यासमोर बसा: इथलं येणारं भाडं, तिथलं जाणारं भाडं, हप्ता, पेट्रोल. हिशेब तर तुमचा हातखंडा विषय आहे.

एक मात्र नीट बघा. गावात गेल्यावरही, बहिणीकडे बसल्यावरही रडू येत असेल, झोप-भूक उडाली असेल, आवडीचं काही आवडेनासं झालं असेल, तर ते घराच्या पत्त्याचं दुखणं नाही. डॉक्टरांना दाखवा. १४४१६ या सरकारी टेलि-मानस क्रमांकावर मराठीत, फुकट बोलता येतं.

आता सासूबाई. तुम्ही तेरा वर्षं वाड्यात होतात. त्या किती वर्षं होत्या? चाळीस? पन्नास? तुम्हाला निदान दोन दुकानांचे फोन येतात. नवरा कंपनीत, नात शाळेत, सून हिशेबात. पाच वाजता त्या काय करतात, हे तुमच्या पत्रात नाही. बहुधा दुसऱ्या खोलीत बसून त्याही डोंगराकडेच बघत असतील, आणि तुम्ही खूश आहात असं समजून गप्प राहत असतील.

त्यांना ‘करमतं का’ असं विचारू नका, त्या ‘हो’ म्हणतील. येत्या बुधवारी हिशेब बंद ठेवा. गंगेवर बुधवारचा बाजार असतो. सिटीलिंकच्या बसने सीबीएस स्टँडपर्यंत जा, पुढे रिक्षा करा. त्यांच्या हातात पिशवी द्या आणि भाव त्यांनाच करू द्या. निघताना त्या विचारतील, ‘कुठे जायचंय?’

तुम्हाला काय म्हणायचं ते माहीत आहे.